भित्यापाठी ब्रह्मराक्षस : वाचकांच्या शंका, शास्त्रातून उत्तरे

या वेळच्या पत्रांत भीतीचा विषय वारंवार आला, म्हणून इतर शंका पुढच्या अंकासाठी राखून ठेवल्या आहेत. पत्रे संक्षेपाने दिली असून नावे गाळली आहेत. उत्तरांत 'शास्त्र' म्हणजे बायबल, आणि '१ राजे १८' किंवा 'मत्तय ६:३४' म्हणजे त्यातल्या पुस्तकाचे नाव, अध्याय आणि वचन.

प्रश्न : सलाम. माझे वय ४३. गेल्या नाताळाआधी मोठे दीर हृदयविकाराने गेले. तेव्हापासून रात्री दोन-अडीचला दचकून जाग येते. छाती धडधडते, हातांना मुंग्या येतात, आता मी जाते असेच वाटते. चार वेळा ईसीजी झाला, एकदा टूडी एको झाली, सगळे नॉर्मल. तरी दिवसातून वीस-पंचवीस वेळा नाडी बघते. ऑक्सिमीटर उशाशीच असतो. भगिनी मंडळात एकजण म्हणाली, तुझा विश्वास कमी पडतो. आता रोज रात्री तासभर प्रार्थना करते, पण भीती जात नाही. — एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : ताई, आधी त्या 'विश्वास कमी पडतो'चा निकाल लावू. १ राजे १८ मध्ये एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहतो. पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीचा एक निरोप येतो आणि तो जीव घेऊन थेट बैर-शेबाला पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. माणूस तोच, विश्वासही तोच. फक्त शरीर आणि मन थकून गेले होते. देवाने त्याला काय दिले, तो क्रम बघा : झोप, निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. बोलणे त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. तुम्हाला बोलणाऱ्या भगिनीने ही भाकरीची पायरीच गाळली.

आता धडधडीकडे. तुम्ही लिहिता त्याला भीतीचा झटका म्हणतात. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवते. हृदय जोरात चालते, श्वास भराभर होतो. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात आणि गरगरते. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतो आणि मग आपोआप उतरू लागतो. तुम्ही काही केले नाही तरी उतरतो. गोम इथेच आहे. दर वेळी तुम्ही नाडी बघता, आकडा ठीक दिसतो, हायसे वाटते आणि मेंदू शिकतो की नाडी बघितली म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर घंटा वाजवतो. शिवाय घाबरून नाडी मोजली की ती वाढलेलीच लागणार. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० ठोके हे सगळे नॉर्मलच.

तुमची तासभराची प्रार्थना आणि ते ऑक्सिमीटर, दोन्ही सध्या एकच काम करत आहेत. भीती जाईपर्यंत प्रार्थना करायची असे ठरवले की प्रार्थना हेही तपासण्याचे यंत्र होते. दर दोन मिनिटांनी मन विचारते, 'गेली का? अजून नाही?' दावीद स्तोत्र ५६ मध्ये म्हणतो की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती वाटत असतानाच, ती जाण्याची वाट न बघता. हे स्तोत्र शत्रूंनी, म्हणजे पलिष्टी लोकांनी, त्याला गथ येथे पकडले त्या वेळचे आहे, म्हणजे भीती काल्पनिक नव्हती. म्हणून रात्री जाग आल्यावर प्रार्थना एकदाच, दोन-तीन वाक्यांची, फिलिप्पै ४:६ मध्ये सांगितली आहे तशी : मागणी आणि त्यासोबत आभार. मग आमेन म्हणून थांबायचे. पुन्हा तीच प्रार्थना करायची ओढ लागेल. तिला उत्तर एकच : सांगून झाले आहे.

नाडी बघणे एकदम बंद करायला जाऊ नका, चौथ्या दिवशी दुप्पट बघाल. पहिला आठवडा दिवसातून तीनच वेळा, घड्याळाप्रमाणे : सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. दुसऱ्या आठवड्यात एकदाच. तिसऱ्या आठवड्यात ऑक्सिमीटर घराबाहेर, शेजारी किंवा लेकीकडे. मधेच ओढ लागली तर दहा मिनिटे थांबा, मग वीस, मग तीस. बहुतेकदा तिसाव्या मिनिटापर्यंत तिचा जोर ओसरलेला असतो. या काळात घरच्यांनी 'काही नाही गं, सगळं ठीक आहे' हे दिवसातून दहा वेळा म्हणू नये. तोही दुसरा ऑक्सिमीटरच.

डॉक्टरांनी हृदय ठीक आहे असे सांगितले आहेच, तेव्हा रोज एकदा मुद्दाम दोन मजले जिने भरभर चढा आणि वर जाऊन गप्प बसा. धडधड होऊ द्या, मोजू नका. ती वाढते आणि स्वतःच खाली येते हे शरीराला कळायला हवे, आणि ते वाचून कळत नाही.

श्वासाबद्दल घरोघरी एक चुकीचा सल्ला चालतो : मोठा श्वास घे. मोठमोठे श्वास घेतले की मुंग्या वाढतात. नाकाने चार आकडे मोजत हलका श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, पाच मिनिटे. याचा सराव शांत असताना दिवसातून दोनदा करा. ऐन झटक्यात पहिल्यांदाच करून बघाल तर जमणार नाही आणि त्याचीच नवी भीती बसेल.

संध्याकाळी साडेसहाला पंधरा मिनिटे वही घेऊन बसा. एका बाजूला 'आज करता येईल ते', दुसऱ्या बाजूला 'माझ्या हातात नाही ते'. दिवसभरात काळजी आली की तिला म्हणायचे, साडेसहाला ये. मत्तय ६:३४ मध्ये उद्याची चिंता उद्याला ठेवली आहे. आपण ती निदान संध्याकाळी साडेसहाला ठेवू. हे झोपण्याच्या वेळी करू नका. चहा दुपारी चारनंतर नको.

एक पथ्य. पाचवा ईसीजी काढू नका, पण थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासले नसेल तर एकदा तपासा, आणि पाळीत बदल झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तिन्हींमुळे धडधड होते. चालताना-चढताना छातीवर दाब येणे, दुखणे जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणे, दरदरून घाम येऊन अंधारी येणे, असे झाले तर मात्र साडेसहाची वाट न बघता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. सहा-आठ आठवडे मनापासून करूनही झोप लागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ते गोळ्या देतील. बहुतेक गोळ्यांना गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढूही शकते, आणि बरे वाटू लागले म्हणून मनाने बंद केल्या तर त्रास उलटतो. झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांपुरत्याच. गोळी घेतली म्हणजे विश्वास सोडला, असे कोणी म्हणाले तर आजारी हिज्कीया राजाची गोष्ट सांगा. देवाने त्याला आणखी पंधरा वर्षांचे वचन दिले, तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला.

प्रश्न : मी एफवायला आहे. मंडळीत आळीपाळीने शास्त्रवाचन असते. माझी पाळी आली की आदल्या रात्रीपासून पोट बिघडते. मागच्या वेळी हात थरथरले, आवाज फाटला. सगळे हसत असणार असे वाटले. आता दोन महिने उपासनेलाच गेलो नाही. घरी सांगतो की क्लास आहे. — एक युवक, जालना

उत्तर : 'हसत असणार' या शब्दापाशी थांबूया. गणना १३ मध्ये इस्राएलांचे बारा हेर ४० दिवस कनान देश बघून येतात. अष्कोल खोऱ्यातला द्राक्षांचा एक घोस दोघांनी काठीवर वाहून आणला, तो सगळ्यांनी पाहिला. तरी दहाजण म्हणतात की तिथल्या धिप्पाड अनाकी लोकांपुढे आम्ही स्वतःला टोळासारखे दिसलो आणि त्यांनाही तसेच दिसलो. पहिला भाग त्यांना माहीत होता. दुसरा कसा कळला? कोणा अनाक्याला त्यांनी विचारल्याची नोंद नाही. समोरच्याच्या मनातले वाक्य त्यांनी स्वतःच लिहिले. आता यहोशवा २ काढ. चाळीस वर्षांनी कनानातल्या यरीहो शहरातली राहाब इस्राएलांच्या हेरांना सांगते की तुमचे नाव ऐकून आमच्या लोकांचे काळीज पाणी पाणी झाले आहे. समोरच्याच्या मनात खरोखर काय होते ते इतक्या उशिरा कळले, आणि तोवर ते टोळवाले वाक्य मानणारी पिढी वाळवंटातच संपली होती.

तुझ्या बाबतीत वाळवंट म्हणजे घरी सांगितलेला तो क्लास. टाळले की त्या रविवारी सुटका वाटते आणि पुढचा रविवार आणखी मोठा होतो. नीतिसूत्रे २२:१३ मधला आळशी म्हणतो, बाहेर सिंह आहे. सिंह आहे का, हे बघायला तो कधी दाराबाहेर गेलेला नाही.

एक शिडी कर. प्रत्येक पायरीवर शून्य ते दहा असा भीतीचा आकडा लिही. पहिली : खोलीत एकट्याने उभे राहून दहा ओव्या (म्हणजे बायबलची वचने) मोठ्याने वाचणे. दुसरी : मोबाइलवर आवाज भरून ऐकणे. (हे पहिल्या पायरीपेक्षा अवघड जाते, नवल वाटू देऊ नकोस.) तिसरी : घरच्या दोघांसमोर. चौथी : रिकाम्या चर्चमध्ये, पुलपिटावरून, माइक चालू करून, पाळकांना विचारलेस तर शनिवारी किल्ली मिळेल. पाचवी : तरुण संघात तीन ओव्या. सहावी : बुधवारची प्रार्थनासभा. सातवी रविवार. आकडा निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा कर, साधारण चार-पाच वेळा. एका दिवशी दोन पायऱ्या उड्या मारून चढू नकोस, आणि एखादी फसली तर खालच्या एका पायरीवर ये, तळाशी नको.

यात मुले नेमकी तीन ठिकाणी चुकतात. लवकर संपावे म्हणून धावत वाचतात, त्यामुळे श्वास पुरत नाही आणि आवाज खरोखर फाटतो. पुलपिट दोन्ही हातांनी घट्ट धरतात, त्यामुळे थरथर दंडात जाते. आणि मान वर करतच नाहीत, म्हणून लोक हसत होते की पाकिटात दान शोधत होते हे त्यांना कधी कळत नाही. तू दर दोन ओव्यांनंतर थांब, श्वास घे आणि तिसऱ्या रांगेतल्या एका माणसाकडे बघ. थरथर झाली तरी वाचन पूर्ण कर. २ तीमथ्य १:७ मध्ये भित्रेपणाच्या आत्म्यासमोर तीन गोष्टी ठेवल्या आहेत : सामर्थ्य, प्रीती आणि संयमन. न थरथरणारे हात त्या यादीत नाहीत.

आणि या रविवारी उपासनेला जा. वाचायला नाही, नुसते मागच्या बाकावर बसायला. क्लासचे खरे काय ते आईला सांग.

प्रश्न : बायबलमध्ये 'भिऊ नको' हे ३६५ वेळा आहे, रोज एक, हे खरे ना? — एक वाचक, वसई

उत्तर : नाही. शब्दसूची घेऊन मोजले तर कुठल्याही भाषांतरात इतकी भरत नाहीत. चुकीच्या आकड्यावर भरवसा टांगू नये. एखादा नातू मोजायला बसला तर वचनाचीच पत जाते. यशया ४१:१० मध्ये ते एकदा आहे, कारणासकट : कारण मी तुझ्याबरोबर आहे. ते कारण रोज वाचता येते.

प्रश्न : आमच्या दाराशी सकाळी कुंकू लावलेले, टाचणी टोचलेले लिंबू आणि काळी बाहुली सापडली. त्यानंतर धाकट्याला ताप आला, शेळी मेली, यांचे काम सुटले. आम्ही ख्रिस्ती आहोत, तरी सासूबाई म्हणतात करणीच आहे, आणि पलीकडच्या बाईचे नाव घेतात. बाहेरून आलेले एक प्रार्थना करणारे भाऊ म्हणाले, पिढीजात शाप आहे, तोडायला खास प्रार्थना लागेल, ११,००० रुपये. — एक भगिनी, नेवासे तालुका

उत्तर : पैसे देऊ नका. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये शिमोन नावाचा जादूगार पैसे देऊन देवाचे सामर्थ्य विकत घ्यायला निघाला, तेव्हा प्रेषित पेत्राने त्याला जी खरमरीत भाषा वापरली ती त्या भाऊंना मोठ्याने वाचून दाखवा. पुढचा फोन येणार नाही.

करणीबद्दल शास्त्र गप्प नाही. नीतिसूत्रे २६:२ म्हणते की भिरभिरणारी चिमणी जशी टेकत नाही, तसा निष्कारण दिलेला शाप येऊन ठेपत नाही. बलामाचा वृत्तांत (गणना २२ ते २४) तर खर्चाच्या हिशोबासह आहे. मवाबाच्या बालाक राजाने इस्राएलांना शाप देण्यासाठी त्याला बोलावून तीन ठिकाणी नेले, प्रत्येक ठिकाणी सात वेद्या, सात गोऱ्हे, सात मेंढे. म्हणजे २१ गोऱ्हे आणि २१ मेंढे गेले आणि तोंडून निघाला आशीर्वाद. खाली मवाबाच्या मैदानात तंबू ठोकून बसलेल्या इस्राएलांना यातले काही ठाऊक होते, अशी एक ओळही नाही. त्यांनी संरक्षणासाठी वेगळा विधी केला नाही, कारण राखणे त्यांच्या हातात नव्हतेच. इफिसातल्या विश्वासणाऱ्यांनी जादूची पुस्तके जाळली ती ५०,००० रुपयांच्या, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या किमतीची होती (प्रे. कृ. १९:१९), आणि मग त्यांच्या जागी नवे तोडगे विकत घेतले नाहीत.

आता वही घ्या. लिंबू सापडण्याच्या आधीच्या बारा महिन्यांत घरात कोण आजारी पडले, कोणते जनावर गेले, काम कितीदा सुटले, तेही लिहा. आपण घटना मोजतो त्या लिंबानंतरच्या. आधीचा ताप हा ताप असतो, नंतरचा ताप करणी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की सासूबाईंशी बोलणे सोपे जाईल. त्यांना एकदम 'अंधश्रद्धा' म्हणू नका, त्यांनी घर याच भीतीत राखले आहे.

लिंबू-बाहुली पुन्हा दिसली तर सुपलीत भरून कचऱ्यात टाका. उघड्या हाताने उचलू नका ते टाचणीमुळे. ती जागा पाण्याने धुवा आणि नेहमीच्या कामाला लागा. ओलांडायचे नाही, वळसा घालून जायचे, मुलांना दुसऱ्या दाराने न्यायचे, असले काही सुरू करू नका. एकदा वळसा घातला की पाय रोज तिथेच अडतील. मुलाचा ताप तीन दिवसांवर गेला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरिया आधी. शेळी कशाने गेली ते पशुवैद्यकाला विचारा, म्हणजे उरलेल्या वाचतील.

शेजारच्या बाईचे नाव मात्र आजपासून बंद. महाराष्ट्रातल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिला त्रास देणे हा गुन्हा आहे, आणि नवव्या आज्ञेनुसार ती खोटी साक्ष. तिच्या घरी वाटीभर काहीतरी घेऊन जा. १ योहान ४:१८ म्हणते की पूर्ण प्रीती भीतीला बाहेर घालवते. ते वचन लग्नपत्रिकेवर छापतात, पण ते अशा उंबरठ्यावर जास्त कामाला येते.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची. सुट्टीतल्या शिबिरात शेवटच्या काळावर व्हिडिओ दाखवला : आईबाप उचलले गेले, मूल मागे राहिले. तेव्हापासून ती रात्री तीन-चार वेळा उठून आम्ही आहोत का ते बघते. त्यात घरच्या ग्रुपवर रोज येते की आधार क्रमांक म्हणजेच ६६६, प्रभू अमुक महिन्यात येणार. — एक वडील, डोंबिवली

उत्तर : ग्रुपचे आधी. थेस्सलनीकाच्या मंडळीत हेच झाले होते. प्रभूचा दिवस आलाच आहे, असे जणू प्रेषित पौलाकडूनच आलेले पत्र फिरत होते, आणि तो २ थेस्सल. २:२ मध्ये लिहितो की असल्या पत्राने एकाएकी चळू नका, घाबरू नका. पुढे पाठवलेल्या निरोपांबद्दल याहून स्पष्ट काय हवे? मत्तय २४:३६ प्रमाणे तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. तरी अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११. दोन्ही दिवशी सूर्य नेहमीसारखा मावळला. प्रकटीकरण १३ मधली खूण, म्हणजे ते ६६६, उपासनेशी जोडलेली आहे, कोणापुढे गुडघे टेकता याच्याशी. रेशनसाठी दाखवलेल्या कार्डाशी नाही. ग्रुप म्यूट करा, निदान मुलीच्या हातात तो फोन देऊ नका.

मुलीला १ थेस्सल. ४:१३-१८ तुम्ही स्वतः वाचून दाखवा, दिवसा, जेवणानंतर. ज्या उताऱ्यावरून तिला घाबरवले, त्याचे शेवटचे वाक्य आहे की या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा. मग मार्क १०:१३-१६, येशू मुलांना कवेत घेतो ते. तिला विचारा, हा येशू तुला विसरून जाईल का? तिचे उत्तर तिलाच देऊ द्या.

रात्रीचा नियम वेगळा. 'तुम्ही आहात ना?' याला रोज एकदाच उत्तर, दिवा मालवताना, ठरलेल्या शब्दांत : आम्ही आहोत आणि प्रभू आहे. तेच पुन्हा विचारले तर 'उत्तर तुला माहीत आहे' एवढेच, रागावून नाही. पहिल्या तीन रात्री तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसा, पुढच्या तीन रात्री खोलीच्या मध्यावर, मग दारात, मग बाहेर पॅसेजमध्ये. ती उठून आली तर तुमच्या पलंगावर घेऊ नका. हात धरून परत नेऊन निजवा, फारसे बोलू नका. चौथ्या-पाचव्या रात्री रडणे वाढेल. तिथे बहुतेक आईबाप हरतात, आणि मूल शिकते की जास्त रडले की चालते. आधी आईने आणि तुम्ही ठरवून घ्या, दोघांचे एक हवे. झोपण्याआधी तासभर पडदा नको. स्तोत्र ४ चे आठवे वचन तिने पाठ करावे आणि झोपताना एकदाच म्हणावे, दहादा नाही.

तीन आठवड्यांत फरक नसेल, सकाळी पोट दुखून शाळा बुडू लागली असेल, तर बाल समुपदेशकाकडे न्या. कुठे जावे कळत नसेल तर सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. शिबिर घेणाऱ्यांना भेटा आणि पुढच्या वर्षी दाखवायचे सगळे व्हिडिओ पालकांना आठवडाभर आधी मिळावेत, अशी लेखी विनंती पाळकांमार्फत द्या. तोंडी दिली तर विसरतात.